मधल्या दोन जागा

"ती भिंतीतली जुनी वायर काय केलीस गं?" काकूंनी दारातूनच विचारलं, आणि मी पटकन म्हणाले, "टाकली."

टाकली नव्हती. मागच्या खोलीच्या माळ्यावर, दुकानाच्या निळ्या पिशवीत, वेटोळं करून ठेवली होती. मार्गशीर्षातला गुरुवार होता, काकू हळदीकुंकवाला बोलवायला वर आल्या होत्या, मी क्लास संपवून नुकती उठले होते आणि हातात चहाचा कप होता. खोटं बोलावं असं काहीच नव्हतं त्यात. माळ्यावर आहे, देऊ का काढून, एवढं म्हणायला काय हरकत होती? पण काकांच्या हातची वायर आपण परस्पर उपटली हे त्यांना लागेल, असं मला आतून कुठेतरी वाटत असावं. 'टाकली' म्हटलं की विषय संपतो. माणूस दोन मिनिटं हळहळतो आणि मग निघून जातो. काकू हळहळल्या नाहीत. "बरं केलंस," म्हणाल्या, कठड्याला धरत जिना उतरायला लागल्या, आणि तिसऱ्या पायरीवर थांबून, मान न वळवता पुन्हा एकदा म्हणाल्या, "बरं झालं."

ते दुसरं 'बरं झालं' मला काही केल्या पचेना.

घर कोथरूडमधलं, दुसऱ्या मजल्यावरचं. इमारत १९८८ची, चार फूट रुंद जिना, खिडक्यांना उभे गज, स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा. काकू म्हणजे आमच्या घरमालकीण, आधी याच घरात राहायच्या. गुडघे बोलायला लागल्यावर तळमजल्यावरच्या लहान फ्लॅटमध्ये गेल्या आणि वरचं आम्हाला दिलं. दिलं म्हणजे ११ महिन्यांसाठी. कराराच्या दिवशी एक मुलगा लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला, आमचे सगळ्यांचे फोटो काढले, अंगठे घेतले आणि वीस मिनिटांत आमच्या हक्कांची वाटणी करून गेला. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने हा कागद कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, त्यामुळे ११ महिन्यांना तसा काही अर्थ उरलेला नाही, पण ती सवय कुणाची सुटलेली नाही. त्या कागदावर मी भाडेकरू नाही. 'लिव्ह अँड लायसन्स', म्हणजे मी परवानाधारक. गाडी चालवायचा असतो तसा मला या घरात वावरायचा परवाना आहे. जमिनीवर चालू शकते, नळ सोडू शकते, भिंतीकडे बघू शकते. खिळा मात्र नाही. काकूंनी किल्ली देताना कागदात नसलेलं ते कलम तोंडी घातलं होतं: "भिंतीला खिळा ठोकायचा नाही आणि भोक पाडायचं नाही. बाकी तुझं घर समज."

आता भानगड अशी, की मी जर्मन शिकवते, ऑनलाइन. महाराष्ट्र सरकारचा २०२४मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी तिकडे कुशल माणसं पाठवायचा करार झाला त्यानंतर माझ्याकडे चौकशा वाढल्या. लातूर, नाशिक, सांगोला, कुठकुठची मुलंमुली स्क्रीनवर खिडक्या उघडून बसतात. इंटरनेट कंपनीचा माणूस आला तेव्हा मी क्लासला गेले होते आणि नवऱ्याने राउटर हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे लावून घेतला. "फायबर तिथपर्यंतच येत होती," हे त्याचं स्पष्टीकरण. मॅच तिथेच लागते, हे माझं. शिकवायची खोली मागची. मध्ये नऊ इंची विटांची भिंत, मग संडास-बाथरूम, त्याच्या टाइल्स आणि पाण्याच्या पाइपा, मग आमचं लोखंडी कपाट, त्याला पूर्ण उंचीचा आरसा. लहरींनी जावं तरी कुठून! राउटर दोन नावांनी सिग्नल सोडतो. पाच गिगाहर्ट्झचा जोरदार, पण भिंत दिसली की त्याचा धीर सुटतो, आणि दोन पूर्णांक चारचा चिवट, तो कसाबसा पोचतो, पण मायक्रोवेव्हही नेमका त्याच पट्टीत गुणगुणतो. नवऱ्याने रात्रीची भाजी गरम केली की माझा वर्ग थिजायचा. हॉलमध्ये शंभरचा वेग, मागच्या खोलीत चार. कधी तोही नाही.

आणि जर्मन ही अशा इंटरनेटवर शिकवायची भाषा नव्हेच. त्यात आपल्या मराठीसारखं गौण वाक्यात क्रियापद शेवटी येतं. 'उद्या तो येणार नाही हे मला माहीत आहे' म्हणायचं तर 'मला माहीत आहे की उद्या तो' इथपर्यंत सगळं सुरळीत जायचं आणि 'निश्त कोम्ट' म्हणायच्या आत माझा चेहरा तोंड उघडं टाकून स्थिर. सांगोल्याची एक मुलगी गंभीरपणे म्हणाली, "मॅडम, तो येणार आहे का नाही ते काल पण कळलं नाही."

मग उपायांची रांग. रिपीटर आणला, तो म्हणजे कानगोष्टींचा खेळ. राउटरने सांगितलेलं पुढच्याला सांगायचं, आणि तेही एकाच तोंडाने ऐकायचं आणि बोलायचं, त्यामुळे निम्मा वेळ त्यातच जातो. परत केला. विजेच्या वायरीतून इंटरनेट नेणारे अ‍ॅडॅप्टर मिळतात, पण या घराचं जुनं वायरिंग बघून ते घ्यायचं धाडस झालं नाही. शेवटी पंधरा मीटरची चपटी पांढरी केबल मागवली आणि हॉलमधून, जेवणाच्या टेबलाखालून, बाथरूमच्या दारावरून माझ्या खोलीत सोडली. आठ दिवस स्वर्ग. नवव्या दिवशी कामाच्या मावशींच्या पोछ्यात ती अडकली आणि राउटर टीव्हीमागून खाली लटकला. शिवाय तिच्यामुळे माझं दार नीट लागायचं नाही. बोटभर फट राहायची, आणि त्या फटीतून कुकरच्या शिट्ट्या, 'अगं टॉवेल कुठाय', आणि समालोचकाचा आवाज, सगळं लातूर-नाशिकला पोचायचं. कंपनीला फोन केला की एक केबल आत ओढून द्या. आलेला मुलगा चपला न काढता दारातच उभा राहून म्हणाला, "मॅडम, आमचं काम हॉलपर्यंत."

सोसायटीचे जुने वायरमन मात्र वेगळी असामी. वय सत्तरीच्या आसपास, शर्टाच्या खिशात टेस्टर, कानावर पेन्सिल. मी त्यांना वायर झाकायची केसिंग पट्टी चिकटवता येईल का ते विचारायला बोलावलं होतं, खिळ्याऐवजी दुहेरी टेपने. ते पट्टीबद्दल काही बोललेच नाहीत. हॉलमध्ये उभे राहून भिंतीकडे असे बघत राहिले, जसा जुना डॉक्टर पेशंटच्या चेहऱ्याकडे बघतो. मग टीव्हीच्या बाजूचं कॅलेंडर उचललं. खाली, जमिनीपासून फूटभर, रंगाचे तीन हात बसलेला एक चौकोनी डबा होता. मी तो दीड वर्ष बघत होते आणि मला तो कधी दिसला नव्हता. "रोझेट," ते म्हणाले. "टेलिफोनची. आणि मागं खोलीत पण असणार एक. कपाट सरकवा." कपाट सरकवलं. होती. "म्हंजे पाइप आहे भिंतीतनं. पाऊण इंची. मीच टाकलेला असणार, ह्या बिल्डिंगचं वायरिंग आमचंच आहे." छिन्नी-हातोड्याशिवाय, धुळीच्या कणाशिवाय, काकूंचा एकही नियम न मोडता, हॉलपासून माझ्या टेबलापर्यंत रस्ता तयार होता. आणि त्या रस्त्यावर आधीच कुणीतरी होतं.

रोझेटचं झाकण स्क्रू फिरवून काढलं तेव्हा आत एक वाळलेलं कोळिष्टक आणि दोन गंजके स्क्रू, त्यांना गुंडाळलेली दोन तांब्याची टोकं, हिरवट पडलेली. वायर पांढरी असावी मुळात. आता तिचा रंग जुन्या दातांसारखा झाला होता. वायरमन म्हणाले, ही आपली ओढतार. नव्या केबलचं टोक हिला बांधायचं आणि तिकडून ही ओढायची. ही बाहेर येताना ती आत जाते. त्यांनी केबलचं वरचं आवरण वीतभर सोललं, आतल्या तारांपैकी दोन ठेवून बाकीच्या कापल्या, त्या दोन जुन्या वायरीला पीळ देऊन बांधल्या आणि काळी टेप अशी निमुळती गुंडाळली की गाठ उंदराच्या तोंडासारखी दिसायला लागली. मग म्हणाले, "पावडर आहे का घरात?" मला वाटलं काहीतरी खास पावडर. "आंगाला लावायची ओ." माझ्या चंदनाच्या टाल्कमचा अर्धा डबा त्या गाठीवर आणि पाइपच्या तोंडात गेला. ते मागच्या खोलीत ओढायला, मी हॉलमध्ये केबल सोडायला. "सोडा... सोडा... थांबा." भिंतीच्या आतून घासल्याचा आवाज यायचा, साप पाचोळ्यातून जावा तसा, आणि तो आवाज माझ्यापासून दूर दूर जाताना ऐकू यायचा. बाथरूमपाशी पाइपच्या वळणावर, बेंडवर, अडकली. ते ओढेनात, मी ढकलेना. दोन मिनिटं दोन खोल्यांत आम्ही दोघं एकाच तारेची टोकं धरून गप्प उभे. मग त्यांनी एक हलका झटका दिला, आतून 'टक्' झालं आणि माझ्या हातातली केबल सरसर जायला लागली. घरभर चंदनाचा वास.

जुनी वायर नऊ-साडेनऊ मीटर भरली. मधोमध एक सांधा होता, आणि त्यावर टेप नव्हती, औषधाच्या दुकानात मिळते ती कापडी चिकटपट्टी होती, तपकिरी पडलेली, कडा व्यवस्थित दुमडलेल्या. घरात जे होतं त्याने कुणीतरी तो सांधा नीट झाकला होता, जखम बांधावी तसा. वायरमन म्हणाले, "हे आपलं काम नाही. मालकांनी केलेलं दिसतंय." भंगारात टाकायला म्हणून मी ती उचलली आणि का कोण जाणे, त्या चिकटपट्टीमुळेच बहुतेक, पिशवीत भरून माळ्यावर ठेवली.

केबल आत गेली, पण तिच्या दोन्ही टोकांना कनेक्टर, म्हणजे राउटरच्या खाचेत बसणाऱ्या पिना, मारायचे बाकी होते. ते आधी लावता येत नाहीत, पाइपात मावत नाहीत. वायरमन म्हणाले, ते बारीक काम माझं नाही, डोळे गेले. मग मी विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत जाऊन कनेक्टर दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल, वीस कनेक्टर आणि दिव्यांचा टेस्टर घेऊन आले. केबलसुद्धा तिथूनच घेतली होती, तेव्हा दुकानदाराने विचारलं होतं, "शुद्ध तांबं देऊ का सीसीए?" आणि माझा चेहरा बघून दोन्हीचे तुकडे ब्लेडने खरवडून दाखवले. एक आतपर्यंत लाल. दुसरा वरून तांबूस आणि आत पांढरा, अ‍ॅल्युमिनियमचा, साखरपुड्याच्या दागिन्यांवर पाणी चढवतात तसा. त्या दिवसापासून मला स्वतःबद्दल जरा जास्तच विश्वास वाटायला लागला होता आणि त्यानेच घात केला.

केबलच्या आत आठ तारा असतात, चार जोड्या. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी; प्रत्येकीसोबत तिच्याच रंगाचा पट्टा असलेली पांढरी. प्रत्येक जोडीला पीळ असतो, आणि चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा, कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. ही पिळाची युक्ती टेलिफोनच्या ग्रॅहॅम बेलची, त्याने १८८१मध्ये तिचं पेटंट घेतलं. शेजारच्या जोडीचं बोलणं या जोडीत उतरू नये म्हणून. एवढं वाचून मी तारा सुट्या केल्या, सरळ केल्या, आणि कुठल्याही शहाण्या माणसाने लावल्या असत्या तशा लावल्या: नारिंगीशेजारी नारिंगी, हिरवीशेजारी हिरवी, निळीशेजारी निळी, तपकिरीशेजारी तपकिरी. जोडीने आल्या आहेत, जोडीने बसवल्या. दोन्ही टोकांना तशाच. टूल दाबलं, कर्र्-खट्. टेस्टर लावला. एक, दोन, तीन, चार, आठच्या आठ दिवे ओळीने लागले. मी नवऱ्याला बोलावून दाखवले. संध्याकाळी क्लास सुरू केला आणि वाय-फायपेक्षा वाईट अवस्था. जोडलेलं आहे, दिवा लागलाय, आणि आवाज मात्र चाळणीतून यावा तसा.

दुसऱ्या दिवशी टोक कापून पुन्हा तपकीर गल्ली. दुकानदाराने पारदर्शक कनेक्टर उजेडात धरला आणि हसला. "मॅडम, जोडी फोडलीत तुम्ही." मी म्हटलं, उलट, मी एकही जोडी फोडली नाही. तर म्हणे तेच चुकलं. हिरवीची जोडी शेजारी बसत नाही. पांढरी-हिरवी तीन नंबरला आणि हिरवी थेट सहा नंबरला. मधल्या चार-पाचमध्ये निळी जोडी. मशीन तीन आणि सहाला एक जोडी समजून बोलतं, मी तिथे एक हिरवी आणि एक निळी दिली, दोघी वेगवेगळ्या पिळाच्या, त्यामुळे एकीचं बोलणं दुसरीत. स्वस्तातला टेस्टर फक्त तार इकडून तिकडे गेली का बघतो. कोण कुणासोबत गेली हे त्याला कळत नाही. "पण मग निळीला मध्ये कशाला घुसवलंय?" मी जरा चिडूनच विचारलं. तो खांदे उडवून म्हणाला, "सिस्टिमच तशी आहे."

घरी येऊन शोधलं. मधल्या दोन जागा टेलिफोनच्या आहेत. फोनच्या छोट्या पिनेत बोलणाऱ्या दोन तारा बरोबर मध्यावर असायच्या. पुढे संगणकांसाठी आठ जागांचं हे टोक आलं तेव्हा मधल्या दोन तशाच टेलिफोनला ठेवल्या आणि बाकीच्यांना आजूबाजूला सरकवलं. त्यातून हिरवीची जोडी अशी दोन बाजूंना फाकली. शंभर मेगाबिटपर्यंतचं इंटरनेट तर या मधल्या दोन तारांना हातही लावत नाही. एक, दोन, तीन, सहा, एवढ्यांवरच भागतं. निळी जोडी टोकापर्यंत जाते, सोन्याच्या पत्र्याला टेकते आणि गप्प बसून राहते, लग्नाच्या पंगतीत कुणासाठी तरी अडवून ठेवलेल्या पाटासारखी. मी भिंतीतून टेलिफोनची वायर काढून टाकली होती आणि जी नवी आत घातली तिच्यातही टेलिफोनची जागा राखून ठेवलेली होती. हे वाचून मी माळ्याकडे बघितलं. मग पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी, असं जपासारखं पुटपुटत दोन्ही टोकं नव्याने मारली.

चालू झालं. इतकं शांतपणे, की काही घडलंय असं वाटेना.

मागच्या खोलीचं दार आता पूर्ण लागायचं. मी कडीसुद्धा लावायची. सांगोल्याच्या मुलीला तो येणार नाही हे अखेर कळलं. फक्त एक गोष्ट झाली, ती मला जरा उशिरा जाणवली. फटीच्या दिवसांत नवरा हॉलमध्ये बसून अर्धा वर्ग ऐकायचा. त्याला काही शिकायचं नव्हतं, पण कानावर पडून पडून 'डेअर, डी, दास' ही जर्मनमधली तीन लिंगांची उपपदं त्याला यायला लागली होती. रात्री कॉइल लावताना "डेअर डास, डी डास, दास डास" असं काहीतरी म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. कुठल्या विद्यार्थ्याने काय घोळ घातला हे मला जेवताना विचारायचा. दार लागल्यावर त्याचं विचारणं बंद झालं. भांडण नाही, रुसवा नाही, त्याला ऐकूच येत नव्हतं. मला हवी होती तीच शांतता होती ती, आणि मी तक्रार कशाची करणार?

काकूंचं 'बरं झालं' मात्र तसंच अडकलेलं होतं, बेंडपाशी.

मे महिन्यात आम्ही घर सोडणार असल्याचं सांगायला त्यांना शोधत गच्चीवर गेले, तर त्या जुन्या साडीवर कुरडया घालून बसल्या होत्या. मी दुसरी साडी अंथरून शेजारी बसले. घराचं बोलून झालं, अनामतीचं झालं, मग मी विषय काढला. "काकू, त्या वायरीचं तुम्ही विचारलं होतंत..."

"वायरमन म्हणाला होता, काढली म्हणून." त्यांनी एक कुरडई बोटाने दाबून बघितली. "नंबर लावून सहा वर्षांनी फोन आला बघ आमच्याकडे. त्र्याण्णव साली. पेढे वाटले होते बिल्डिंगीत. ह्यांनी हॉलमध्ये घेतला. आठ दिवस झाले नाहीत तर सासूबाई म्हणाल्या, मला उठवत नाही, मला खोलीत पाहिजे. मग काय, मातृभक्त माणूस, रविवारी दिवसभर बसून त्याच लाइनवर दुसरा फोन, पॅरलल, ओढला खोलीत. वायर कमी पडली तर दुसरी जोडली."

चिकटपट्टी, मी मनात म्हटलं.

"माझी आई मिरजेला. एसटीडी महाग, म्हणून रात्री अकरानंतर लावायचा, तेव्हा पाव दर. सगळी निजानीज झाली की मी हॉलमध्ये अंधारात बसायचे. हॅलो, बरी आहेस का, एवढं झालं की तिकडे खट्. आणि आवाज बारीक."

दोन रिसीव्हर एका लाइनवर उचलले की तेवढीच वीज दोघांत वाटली जाते, आवाज उतरतो. हे मला आता माहीत होतं. काकूंना ते तेव्हापासून माहीत होतं.

"बोलायच्या काही?"

"छे. नुसत्या ऐकायच्या. श्वास यायचा कानात. आई विचारायची, आवाज का गं बारीक झाला? मी म्हणायचे, लाइन खराब आहे. पाच वर्षं लाइन खराब होती आमची." त्या हसल्या, पण हात थांबला नाही, सोऱ्या फिरत होता आणि चीक गोल गोल उतरत होता. "पोटातलं असं एक वाक्य नाही बोलले मी आईशी. पाऊस पडला का, आंबे आले का. आई गेली तेव्हा सुद्धा भावाचा फोन आला आणि मी उचलायच्या आधी तिकडे उचललेला होता. त्यांना माझ्याआधी कळलं."

मी काही बोलले नाही. खालून कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, त्याचं ते बीप-बीप चाललं होतं.

"मग सासूबाई गेल्यावर का नाही काढून टाकलीत?"

"भिंतीतली कोण काढत बसतंय! फोन तेवढा उचलला तिकडचा." सोऱ्या बाजूला ठेवून त्यांनी पदराला हात पुसले. "आणि गंमत सांगू का, त्या गेल्या, फोन काढला, तरी हॅलो म्हटलं की मी जरा थांबायचेच. खट् होतंय का बघायला." मग मी अंथरलेल्या साडीकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या कुरडया फार जवळजवळ पडतायत गं. चिकटतील."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. माळ्यावरची पिशवी मी त्या रात्री काढून बघितली. दीड वर्षांनीही वायरीने पाइपातल्या बेंडाचा आकार सोडलेला नव्हता. सरळ केली तरी बरोबर त्याच ठिकाणी काटकोनात वळायची. मला ती आता फेकवेना आणि ठेववेनाही. मी त्या खोलीत तार नेली होती ती दार लावून बसता यावं म्हणून. त्या बाईने नेऊन घेतली ती तिथे पडल्या पडल्या घरातलं काही सुटू नये म्हणून. आणि मध्ये हॉलमध्ये अंधारात बसलेल्या काकू. मला नेमका कुणाचा राग यायला हवा होता तेच ठरेना. उठवत नाही अशा बाईने रात्री अकरा वाजता करायचं तरी काय?

घर सोडायच्या दिवशी खाली टेम्पो लागला होता. नव्या घरीही राउटर हॉलमध्येच असणार होता, त्यामुळे माझी शुद्ध तांब्याची केबल सोडून जायचा प्रश्न नव्हता. नवरा म्हणाला, ओढ तिकडून, निघेल. मी ओढणार तेवढ्यात वायरमनांचं एक वाक्य आठवलं. ते म्हणाले होते, काय वाट्टेल ते करा पण पाइप मोकळा सोडू नका. वायर काढली तर दोरी सोडून ठेवा मागे. मोकळ्या पाइपात पुन्हा काही जात नाही. पुढचा माणूस भिंत फोडतो. दोरी शोधली. खोक्यांना बांधून बांधून नायलॉनची सगळी संपली होती. सुतळी होती, ती त्या बेंडवर तुटली असती. टेम्पोवाला खालून हॉर्न देत होता.

मी माळ्यावरून पिशवी काढली.

गाठ मीच बांधली. केबलचं टोक सोललं, दोन तारा ठेवल्या, कुठल्या ठेवायच्या याचा विचार न करता. बांधून झाल्यावर बघते तर निळ्या. टेप निमुळती गुंडाळली. पावडर लावली, चंदन संपलं होतं, साधी होती. मी मागच्या खोलीत सोडायला, नवरा हॉलमध्ये ओढायला. "सोड... सोड... थांब." भिंतीतून तोच आवाज, या वेळी उलट दिशेने. चिकटपट्टीचा सांधा माझ्या बोटांतून सरकून पाइपाच्या तोंडाशी आला, जरासा अडला. एवढ्या वेळात मी ठरवू शकले असते. मग तो आत गेला. दोन्ही रोझेटांची झाकणं लावली, स्क्रू पिळले, कॅलेंडरची जागा मात्र उघडीच राहिली, कॅलेंडर खोक्यात गेलं होतं.

काकू अर्ध्या तासाने वर आल्या, एका हातात चेक, दुसऱ्या हातात कुरडयांचा डबा. घर बघायचं म्हणून बघत नव्हत्या, पण बघत होत्या. हॉलच्या भिंतीवरून हात फिरवला, खिडकीची कडी लावून बघितली, स्वयंपाकघरातला नळ एकदा सोडून बंद केला. "भिंती छान ठेवल्यास हं," म्हणाल्या. मग त्या मागच्या खोलीत गेल्या, कपाट नसल्यामुळे मोकळ्या दिसणाऱ्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि तिथल्या रोझेटला पायाच्या अंगठ्याने हलकेच टेकून विचारलं, "ह्यात आता काही नाही ना?"

"काही नाही," मी म्हणाले.